आधी 'माय लॉर्ड' म्हणा

संध्याकाळी चर्चच्या सभागृहातून घरी आले तेव्हापासून डोकं भणभणतंय. कुकर लावला आणि विसरले, भात करपला. आता घरातले सगळे झोपलेत आणि मी लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

झालं असं. आमच्या भागातल्या एका चर्चमध्ये आज वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता. बाहेरगावचे एक बिशप पाहुणे म्हणून आले होते. मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, सुंदर झाली, प्रवचन तर फारच मनाला लागलं. त्यानंतर सभागृहात 'बिशपांशी मोकळा संवाद'. पत्रिकेवर शब्दच तसा छापला होता, मोकळा. पहिल्या रांगेतले नेहमीचे तिघेचौघे उठले, पण प्रश्न एकानेही विचारला नाही, सगळ्यांनी आभार मानले. मग अगदी मागून एक बाई उभी राहिली. पस्तिशीची असेल. खांद्याला कापडी पिशवी. माइक तोंडापासून हातभर लांब धरलेला. म्हणाली, "फादर, मला एक विचारायचं होतं..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सूत्रसंचालक आपल्या माइकवरून, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाई, ते फादर नाहीत, बिशप आहेत. आधी 'माय लॉर्ड' म्हणा, मग विचारा."

सभागृहात थोडी खसखस पिकली. तिने 'माय' म्हटलं, 'लॉर्ड' म्हटलं, आणि पुढे गप्प. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. शेवटी म्हणाली, "काही नाही, राहू द्या." आणि खाली बसली. माइक पुढच्या माणसाकडे गेला.

बिशप त्या वेळी शेजारच्या फादरांशी बोलत होते. बहुधा त्यांच्या कानावर काहीच गेलं नाही, म्हणून त्यांना मी दोष देत नाही. राग त्या सूत्रसंचालकाचा आला, आणि आमचा सगळ्यांचा. दोनशे माणसं होतो. एकही उठून म्हणालं नाही, "अहो, तिला बोलू द्या." मीही नाही.

तेव्हापासून आजी आठवतेय.

तुमच्यापैकी काहींना ही गोष्ट माहीत आहे, तरी सांगते. साल 1966. वसई तेव्हा मुंबई धर्मप्रांतात होती. गावात दृढीकरणाचा, म्हणजे बिशपांच्या हातून मुलांची श्रद्धा पक्की करण्याचा, संस्कार होता आणि त्यासाठी मुंबईहून सहायक बिशप आले होते, मिस्सेच्या बरेच आधी. पांढरा झगा घालून, हात पाठीमागे बांधून ते वाडीतल्या रस्त्याने एकटेच फेऱ्या मारत होते. आजी बाजारातून परतत होती, लाल लुगडं, डोक्यावर रिकामा हारा. तिला वाटलं, चर्चमध्ये नवे फादर आलेत. हात पाठीमागे, त्यामुळे बिशपांची अंगठी दिसली नाही. गळ्यातला क्रूस बिशप लोक बऱ्याचदा खिशात सरकवतात, तोही दिसला नाही.

आजीने त्यांना रस्त्यातच अडवलं. "फादर, तुम्ही नवे का? बरं झालं भेटलात. तुमच्या शाळेत माझ्या पोराला तीन दिवस व्हरांड्यात उभा केलाय. दोन महिन्यांची फी राहिली आहे, मी नाही म्हणत नाही. पावसाने पानवेल कुजली, कुठून भरू? पण पोराने काय केलंय? त्याला निदान फळा दिसेल असा तरी उभा करा."

ते पोर म्हणजे माझे बाबा.

बिशपांनी मुलाचं नाव विचारलं, इयत्ता विचारली, कुठल्या वाडीतली ते विचारलं. 'बघतो' म्हणाले. आजी घरी आली, हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि मिस्सेला गेली. बघते तो काय, तेच 'नवे फादर' डोक्यावर उंच टोपी आणि हातात मेंढपाळाची काठी घेऊन वेदीकडे चाललेत आणि प्रमुख धर्मगुरू त्यांच्या मागून. आजी खांबाआड गेली ती मिस्सा संपेपर्यंत बाहेर आली नाही.

बाबा त्या दिवशी संस्कार घेणाऱ्या मुलांच्या रांगेत होते. त्या काळी दृढीकरणात बिशप कपाळाला तेल लावून गालावर एक हलकी चापट मारत, श्रद्धेसाठी सोसायची तयारी ठेव म्हणून. पुढे विधी बदलला आणि ती चापट गेली. बाबा सांगतात, "नाव ऐकल्यावर ते थांबले. चापट मारलीच नाही, हात ठेवला गालावर. म्हणाले, सोमवारी वर्गात बसायचं." हे सांगताना आजही बाबांचा हात डाव्या गालाकडे जातो. सोमवारी ते तिसऱ्या बाकावर बसले. फीचं काय झालं ते आजीला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

आता आजीचं वाक्य ऐका. ती ही गोष्ट शेकडो वेळा सांगायची आणि शेवटी दर वेळी हेच म्हणायची, "आधी कळलं असतं ना, तर मी तोंडच उघडलं नसतं."

कळलं असतं तर तिने गुडघा टेकला असता, अंगठीला ओठ लावले असते, 'आशीर्वाद द्या' म्हटलं असतं आणि हारा उचलून घरी गेली असती. बाबा व्हरांड्यातच राहिले असते. हुद्दा माहीत नव्हता म्हणून ती माणसाशी बोलली. आज त्या बाईला आम्ही हुद्दा शिकवला आणि तिचं बोलणं घालवलं.

माझ्या यादीत ख्रिस्ती नसलेले पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. फादर एका चर्चचा कारभार बघतात, बिशप अख्ख्या धर्मप्रांताचा. आमचा वसई धर्मप्रांत 1998 साली मुंबईपासून वेगळा झाला आणि पापडीचं चर्च आमचं कॅथीड्रल. कॅथीड्रल म्हणजे जिथे बिशपांची खुर्ची आहे ते चर्च, मग ते आकाराने केवढंही असो.

आणि 'बिशप' ह्या शब्दाचा अर्थ? मूळ ग्रीक शब्द एपिस्कोपोस. लक्ष ठेवणारा, देखरेख करणारा. बस्स. ह्यात लॉर्ड कुठे आहे? ज्यांनी बायबल मराठीत आणलं त्यांनी ह्याला फार नेमका शब्द वापरलाय, 'अध्यक्ष'. फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत बघा, अध्यक्ष आणि सेवक एकाच दमात येतात. अध्यक्ष म्हणजे अधि अधिक अक्ष, ज्याचा डोळा सगळ्यांवर आहे तो. आपण हा शब्द हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात झिजवून टाकला, पण मूळचं काम डोळ्यांचं आहे. व्हरांड्यात कोण उभं आहे ते बघायचं.

मग हा 'लॉर्ड' आला कुठून? साहेबाकडून. इंग्लंडमध्ये त्यांच्या चर्चचे 26 बिशप आजही संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात, तिथे त्या शब्दाला निदान एक खुर्ची आहे. आमच्या बिशपांना कुठली सरदारकी आहे? साहेब गेला आणि आम्ही त्याचा शब्द झगमग कागदात गुंडाळून ठेवलाय. कोर्टातसुद्धा 'माय लॉर्ड' ही गुलामीची खूण आहे असं म्हणून बार कौन्सिलने 2006 साली ठराव केला. वकिलांना कळलं, आम्हाला कळेना.

बाकीच्या पदव्यांचंही तेच. 'कार्डिनल', म्हणजे पोपच्या खालोखालचे मानकरी, हा शब्द लॅटिनमधल्या बिजागरीवरून आलाय. बिजागरी! दाराचं सगळं वजन जिच्यावर, आणि जिच्याकडे कुणी बघतही नाही. किती सुंदर उपमा आहे. मग 1630 मध्ये एका पोपने फर्मान काढलं की कार्डिनलांना 'युवर एमिनन्स' म्हणायचं, आणि बिजागरीला सोन्याचा मुलामा चढला. 'मॉन्सिन्योर' म्हणजे इटालियनमध्ये सरळ सरळ 'माझे धनी'. कुणाचे धनी? ज्या गुरूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या नावाने हे चाललंय.

मी हे आज रागाच्या भरात बोलतेय असं वाटेल. पण हे माझं नाही, खुद्द बिशपांचंच म्हणणं आहे. 16 नोव्हेंबर 1965 ला, जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद संपायला तीन आठवडे असताना, रोमजवळच्या दोमितिलाच्या भुयारी कबरस्थानात चाळीसेक बिशप जमले. मिस्सा केली आणि एक करार केला. साधं राहू, सोन्याचांदीच्या खुणा वापरणार नाही, आणि एमिनन्स, एक्सलन्सी असल्या मोठेपणाच्या पदव्यांनी आम्हाला हाक मारू नका. मग कशाने मारायची? त्यांनीच लिहून ठेवलंय. 'फादर' म्हणा.

फादर! तोच शब्द, जो आज भर सभेत 'चूक' ठरला.

आजीने रस्त्यात जे म्हटलं ते ह्या कराराच्या पुढच्याच वर्षी. तिला कसला करार माहीत असणार? तिच्या तोंडून सहज तेच आलं.

हो, माहीत आहे मला, आता कुणीतरी मत्तयचा तेविसावा अध्याय काढून दाखवेल, 'पृथ्वीवर कोणाला आपला पिता म्हणू नका.' बरोबर आहे, लिहिलंय तसं. मग कुणालाच काही म्हणू नका. पण तिथे येशू ज्यांच्यावर चिडलाय ते बाजारात नमस्कार घेत फिरणारे, मेजवानीत पुढची जागा धरणारे लोक आहेत. आज पहिली रांग कुणासाठी राखून ठेवली होती ते मी पाहिलंय.

दुसरंही ऐकू येतंय मला. "अगं, मान त्या माणसाला नाही, पदाला असतो." असेल. वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करतोच आपण, आणि मीही कुठल्या बिशपांना एकेरी हाक मारणार नाही. पण मान देणं वेगळं आणि मान वसूल करणं वेगळं. तेही बिशपांनी नाही, त्यांच्या वतीने एका माइकवाल्याने वसूल करायचा! पदाला मान हवाय ना? मग ऐकून घेण्याचं काम ज्या पदाचं, त्याच्यासमोर माणसाला बोलतं ठेवणं हा त्याचा मान.

आपल्याकडे पत्रिका बघा एकदा. नवरा-नवरीची नावं बारीक आणि वर 'परमपूज्य', 'महागुरुस्वामी', 'राइट रेव्हरंड डॉक्टर' अशी माळ. एका मावशीच्या घरी पत्रिका छापायची होती तेव्हा पदवीत एक शब्द राहिला म्हणून तीनशे प्रती परत छापल्या होत्या. वसईला तर एक गंमतशीर पेच पंधराएक वर्षं होता. बिशप फेलिक्स मच्याडो ह्यांना 2008 साली नाशिकला नेमलं तेव्हाच आर्चबिशप, म्हणजे बिशपांहून वरची, ही पदवी व्यक्तिशः दिलेली होती. 2009 मध्ये वसईला नेमणूक झाली तेव्हा ती त्यांच्यासोबत आली. वसई काही आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत, झाली नाही, आजही नाही. पण लोक एकमेकांना दुरुस्त करत राहायचे, "बिशप नाही, आर्चबिशप." जणू वसईची उंची वाढली होती. गोव्याच्या आर्चबिशपांना तर 1886 पासून 'पूर्वेकडील इंडीजचे पॅट्रिआर्क' अशी मानाची पदवी आहे, आणि सध्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव 2022 पासून कार्डिनलही आहेत. इतिहास म्हणून मला ह्याचं कौतुक आहे. पण म्हापशाच्या बाजारातली म्हातारी त्यांना भेटली तर तिने काय काय पाठ करून यायचं?

पाणी पिऊन आले. जरा शांत झालेय.

खरं सांगायचं तर पदवी दर वेळी वाईटच असते असंही नाही. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो. 24 मार्च 1980 ला मिस्सा करताना त्यांना गोळी घातली, गरिबांच्या बाजूने बोलतात म्हणून. 2018 मध्ये चर्चने त्यांना संत जाहीर केलं. पण तिथले लोक त्यांना आजही काय म्हणतात? 'मोन्सेन्योर'. नुसतं तेवढंच, नावही घेत नाहीत. मोन्सेन्योर म्हटलं की तेच. म्हणजे 'माझे धनी' ह्या शब्दात माया मावू शकते. पण ती लोकांनी भरली, कुणी माइकवरून शिकवली नव्हती. आणि ते धनी दर रविवारी प्रवचनात, रेडिओवरून, बेपत्ता झालेल्यांची आणि मारल्या गेलेल्यांची नावं वाचून दाखवत. आया त्यांच्याकडे येऊन आपल्या पोरांची नावं सांगू शकत होत्या, म्हणूनच ना?

नाव सांगता येणं. आजीलाही तेवढंच तर सांगता आलं होतं.

संत अगस्तीन बिशपच होते, सोळाशे वर्षांपूर्वीचे. ते आपल्या लोकांना म्हणत, तुमच्यासाठी मी बिशप आहे, तुमच्याबरोबर मी ख्रिस्ती आहे. पहिल्याची त्यांना धास्ती वाटे, दुसऱ्याचा आधार. पोप ग्रेगरींनी स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवून घेतलं, ते बिरुद आजही पोपकडे आहे. आणि पोप फ्रान्सिस? 13 मार्च 2013 ची ती रात्र आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. सज्जात आले, 'गुड इव्हनिंग' म्हणाले आणि स्वतःला पोप म्हणालेच नाहीत, रोमचा बिशप म्हणाले. मग आशीर्वाद देण्याआधी लोकांपुढे मान लववली, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून. बाबा सोफ्यावर होते. त्यांचा हात गालाकडे गेलेला मी पाहिला. फ्रान्सिसनी 2014 मध्ये मॉन्सिन्योर पदवीही आवरती घेतली, धर्मप्रांताच्या फादरांना 65 वर्षांचे होईपर्यंत ती मिळणार नाही असं ठरवलं. पोप होण्याआधी ब्युनोस आयरिसला असताना ते लोकांना सांगत, मला 'पाद्रे होर्हे' म्हणा, म्हणजे फादर आणि पुढे त्यांचं मूळ नाव.

पाद्रे. आपल्या मराठीतला 'पाद्री' तिथूनच आलाय. लोक आता तो शब्द हेटाळणीने वापरतात, ते मला फार लागतं, पण आज तो विषय नको.

आपल्याच घरचं उदाहरण घ्या ना. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बायबलच्या मराठीत जो शब्द बिशपसाठी आहे, तो मान मराठी माणसाने त्यांना दिला. 2024 मध्ये ते गेले. अख्खा महाराष्ट्र त्यांना काय म्हणायचा? फादर. हिंदू, मुसलमान, राजकारणी, मोर्चातले शेतकरी, सगळे फादर. कुणालाही पुढचा शब्द शोधावा लागला नाही. कमी पडलं का काही?

त्या सूत्रसंचालकाला मी ओळखते. वाईट मुलगा नाही. त्याला कुणीतरी शिकवलंय की पाहुण्यांपुढे आपलं गाव अडाणी दिसता कामा नये. ती भीती मला कळते, ती माझ्याही रक्तात आहे. मुंबईच्या कॉलेजात गेले तेव्हा पहिलं वर्षभर आपली बोली तोंडातून निसटू नये म्हणून जीभ चावत होते. पण त्या भीतीचा भार आज कुणावर पडला? जी आधीच सगळ्यात मागे बसली होती तिच्यावर. बाबा रे, तू हे वाचशील, तर तुला एवढंच सांगायचंय, तुझ्या आजीनेही कधीतरी कुणाला 'फादर' म्हणूनच अडवलं असेल.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला शोधत बाहेर गेले. जेवणाच्या रांगेत नव्हती. एसटीच्या थांब्यावर दिसली, पिशवी छातीशी धरून. मी जाऊन बसले शेजारी. आधी म्हणाली, "अहो काही नव्हतं तसं." मग दोन गाड्या सोडल्या आम्ही. तिच्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. दहा वर्षांचा झालाय. बरोबरीच्या मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं, झालं, ह्याचं राहिलं, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला शिकवणार कोण? तो प्रत्येक रविवारी मिस्सेला येतो, सगळे उठले की उठतो, सगळ्यांनी गुडघे टेकले की टेकतो, आणि लोक कम्युनियनला निघाले की आईकडे बघतो. तिला एवढंच विचारायचं होतं, खुणांची भाषा येणारे कुणी फादर आहेत का, आणि नसतील तर तो देवाकडे कसा जाईल.

हा प्रश्न होता. आम्ही हसलो.

उद्या दुपारी तीन वाजता ती माझ्या घरी येणार आहे, मुलाला घेऊन. आम्ही बिशपांना पत्र लिहिणार आहोत. बाबाही बसतो म्हणालेत, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. कागद काढून ठेवलाय आणि मायना मी आत्ताच लिहून टाकलाय.

आदरणीय फादर,